हमी

वेंगुर्ल्याच्या कोर्टासमोर, बदामाच्या झाडाखाली
वकील कुडपकर म्हणाले, "घाबरायचं नाही बाई,
जामीनपात्र गुन्हा आहे. हक्क आहे त्याचा."
हक्क हा शब्द मी हातकडीच्या इतक्या जवळ
कधी ऐकला नव्हता.

मग त्यांनी बोटांवर कागद मोजले:
चालू सातबारा, तलाठ्याच्या सहीचा,
रेशनकार्ड, आधार, दोन फोटो,
तहसीलमधून ऐपतीचा दाखला.
"ऐपत किती?" तिथल्या पोराने विचारलं.
सासऱ्यांनी जाताना माझ्या नावे केलेले साडेचार गुंठे,
त्यात नऊ काजी, एक रातांबा
आणि विहिरीत चौथा हिस्सा.
त्याने सगळ्याचा मिळून एक आकडा लिहिला.
रातांबा धरला की नाही, विचारायचं राहिलं.

टेम्पोच्या मालकाचा फोन चार दिवस बंद आहे.
बर्फातली सुरमई गोव्याला वेळेत पोचली,
एवढं त्याला कळलं असणार.

पहाटे पाचच्या आत, मोचेमाडच्या वळणावर
माझ्या भावाने, दिगंबराने,
पास्कू पाववाल्याला उडवलं
आणि थांबला नाही.
उजाडल्यावर पाव रस्ताभर,
पावांवर कावळे,
आणि पास्कू गटारात, शुद्धीवर,
येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारत.

लिपिकाने शाईचं पॅड पुढे सरकवलं.
बावीस वर्षं फॅक्टरीत काजू फोडते मी,
टरफलाच्या तेलाने अंगठ्याच्या रेषा कधीच खाल्ल्या.
तीनदा उठवला. तीनदा नुसता काळा डाग.
"सही येते मला," म्हटलं.
"सहीपण लागते, अंगठापण लागतो."
चौथा डाग त्याने चालवून घेतला.

मॅजिस्ट्रेटबाई माझ्या मुलीच्या वयाच्या.
"आरोपीला किती वर्षं ओळखता?"
त्याची नाळ पुरायला परसात खड्डा मीच खणला होता,
माडाच्या मुळाशी, विळ्याच्या टोकाने.
म्हणाले, "चौतीस."
"याआधी कोणाला जामीन राहिलात?"
"नाही."
"तारखेला हजर राहिला नाही तर
पंधरा हजार तुम्ही भरायचे. समजलं?"
"होय."
"पळून जाणार नाही ना?"

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं.
जो पळाला म्हणून आम्ही सगळे इथे उभे,
तो पळणार नाही,
असं मी लिहून दिलं.

बाहेर व्हरांड्यात नातालीन, पास्कूची बायको.
सायकल सोडवायचा अर्ज होता तिच्या हातात.
"तू ऱ्हवलंस जामीन?"
मी मान हलवली.
"बांबोळीक आसा तो. पायात सळी घातली."
थोडं थांबून म्हणाली,
"सायकल गावली. भोंगो गावाक नाय."

त्या पहाटे मी त्याच्याकडून चार पाव घेतले होते,
सुटे नव्हते म्हणून पैसे उद्यावर ठेवले.
पदराच्या गाठीतून वीस रुपये काढून दिले.
तिने घेतले. पिशवीत बराच वेळ शोधून
चार रुपये परत केले.

सुटकेचा हुकूम सहाच्या आत सावंतवाडीला पोचला तर आज,
नाहीतर उद्या.
पोचला.
दिगू बाहेर आला तो पट्टा हातात धरूनच.
एसटीत पूर्ण वाट त्याने तो कमरेला बांधला नाही.
मीही काही विचारलं नाही.
काय विचारायचं ते कागदावर नव्हतं.

आता पहाटे जाग येते, भोंग्याच्या वेळेला.
शेजारची म्हातारी दार उघडून रस्त्याकडे बघते
आणि दार लावून घेते.
मी उठते, दिवा न लावता पडवीत जाते,
पायाने चाचपडते,
त्याच्या चपला आहेत का.
एक सापडते पटकन.
दुसरी शोधावी लागते.